दुसरा वार

पहिला वार कोणीही लिहितो. तलवार उगारली, उतरली, समोरचा पडला. दोन वाक्यांत काम भागतं. माझं घोडं अडतं ते दुसऱ्या वाराशी. साठी उलटलेल्या माणसाला खाली आलेली तलवार पुन्हा वर न्यायची असते, आणि तेवढ्यात दुसरा अंगावर आलेला असतो. हा मधला क्षण मला कित्येक वर्षं कागदावर धरता आला नाही.

कादंबरी गाविलगडची. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांच्या वेलस्लीपुढे मोडली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला. माझा म्हातारा त्याच्या हाताखालचा, माझ्या मनातला. मधल्या सोळा दिवसांत तो अडगावहून निघून सातपुडा चढतो, रात्री शेकोटीशी गुडघे शेकतो आणि शेवटी आतल्या किल्ल्याच्या दरवाज्यापाशी उभा राहतो. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पडलेलं आहे, पलटणी आत घुसल्या आहेत. तिथवर तो येतो आणि माझी लेखणी थांबते.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा जखडला. जवानीत याच खांद्यावर श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं अकोल्याच्या राजराजेश्वराला आणलं होतं. आता दोरीवरचा टॉवेल ओढताना जीव कासावीस होतो. गंमत म्हणजे हात खाली आणताना फारसं दुखत नाही. वर नेताना दुखतं. मग लक्षात आलं की म्हाताऱ्याची लढाई वारात नाहीच, ती हात वर जाण्यात आहे. वार तर तलवारीचं वजनच करतं.

हे डोक्यात घोळत असताना जुन्या शहरातल्या एका आखाड्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या वस्तादांना म्हटलं, जरा तलवार फिरवून दाखवा. त्यांनी ती उचललीच नाही. मुठीची वाटी मनगटाला टेकवली, पातं कमरेखालीच राहू दिलं, डावा पाय पुढे सरकवून टाच रोवली आणि अख्खं अंग फिरवलं. पातं खालून वर, कापत गेलं. खांदा जागचा हलला नाही. म्हणाले, "जवान हातानं मारते बापू, म्हतारा पायानं मारते." मग खांबाला टेकून बराच वेळ दम घेत राहिले. ते दम घेणं मी वहीत वारापेक्षा जास्त ओळींत उतरवलं.

डेव्हिड गेमेलची 'लेजंड' ही इंग्रजी कादंबरी १९८४ साली आली. कर्करोगाचा संशय होता, तपासणीचा निकाल यायचा होता, त्या दिवसांत त्याने ती पहिल्यांदा लिहून काढली. तिच्यातला ड्रस हा साठीचा कुऱ्हाडवाला, गुडघे गेलेला, पडणार हे ठाऊक असलेल्या किल्ल्यावर लढायला येतो. त्या माणसाचं शरीर पानापानावर जाणवतं. आपल्याकडे शेलारमामा असताना आमचे आजचे ऐतिहासिक कादंबरीकार म्हाताऱ्याला फक्त पांढऱ्या मिशा देतात. बाकी तो पंचविशीतलाच. एका दमात पन्नास गनीम कापतो आणि छातीत बाण घेऊन पानभर भाषण करतो. मला याचा राग येतो. ज्याला थकवा येत नाही त्याच्या शौर्याला किंमत काय?

आणि मरणाऱ्याला तोंड नको का? वेलस्लीच्या फौजेत मद्रासच्या पलटणीही होत्या. माझ्या म्हाताऱ्याच्या दुसऱ्या वाराखाली येतो तो असाच एक पोरगा, विशीतला, मिसरूड फुटलेला. म्हातारा त्याला मारतो. रक्त मी लपवलेलं नाही, पातळही केलेलं नाही. जो हिंसा लिहितो त्याने तिचं ओझं वाचकाच्या अंगावर टाकलंच पाहिजे.

मान मला हवाच होता. वाचनाच्या कार्यक्रमांत तलवारीच्या प्रसंगाला टाळ्या पडायच्या, त्यांची चटक लागली होती. वार देखणे होत गेले ते त्या टाळ्यांसाठी. आता टाळ्या नकोत, पण हाव गेलेली नाही. कादंबरीकार गोनीदा १९१६ साली गाविलगडाच्या पायथ्याशी, परतवाड्यात जन्मले. त्यांची लेखणी रमली ती सह्याद्रीच्या गडांवर. गाविलगड आपल्या नावावर लागावा असं मला मनापासून वाटतं. चिखलदऱ्याला येणारे लोक गडावर जातात, दरवाज्यापाशी फोटो काढतात. त्यांतल्या एकाने तरी विचारावं, तो म्हातारा नेमका कुठे उभा होता? बेनीसिंहाचं नाव कागदांत राहिलं. त्याच्याबरोबर पडलेल्या साध्या शिपायांना कोण विचारतं? त्यांची जागा माझ्या म्हाताऱ्याने घ्यावी, आणि ती मी मिळवून दिली असं लोकांनी म्हणावं, एवढी मोठी हाव धरूनच मी रोज लिहायला बसतो.