चटईखालचा गंज

काशिमिरा नाक्यावरून एक रस्ता मिरारोडकडे वळतो. हायवे पुढे घोडबंदरला जातो. तिथून एक फाटा ठाण्याला, दुसरा वर्सोवा पूल ओलांडून वसईकडे. याच हायवेजवळच्या एका गॅरेजात आमची जुनी मिनीबस तीन आठवडे उभी होती.

अब्बांनी ती बारा वर्षं चालवली. सकाळी कंपनीचे कामगार, लग्नसराईत वऱ्हाड, हजच्या दिवसांत विमानतळावर निरोप द्यायला निघालेली कुटुंबं. आता धंदा थांबला आणि अम्मीचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देईनात. म्हणून भावाने ठरवलं : आतल्या सीटा काढायच्या, पलंग आणि छोटा ओटा बसवायचा, नि दोघांना कोकण दाखवायचं.

पाना हाती घेण्याआधी तो आरटीओत जाऊन आला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. मंजुरीशिवाय ती बदलली तर उद्या विमाही अडतो. म्हणून आधी कागद, मग काम.

सीट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. तिचा सांगाडा बोल्टांनी फरशीच्या पत्र्यातून आरपार आवळलेला असतो. एकाने आत बोल्ट फिरवायचा, दुसऱ्याने गाडीखाली झोपून नट धरायचा. भाईंदरची खाडी आणि मिठागरं जवळ. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. मिस्त्रींनी नटांवर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं. तरीही जे हलेनात, ते ग्राइंडरने कापले. त्याआधी बॅटरीची तार काढली, खालून जाणारे ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप कुठे आहेत ते पाहून घेतलं, वाळूची बादली शेजारी ठेवली.

शेवटच्या रांगेतली सीट मात्र ओढताच पायासकट उचलून आली. रबरी चटई वर केली तर खालचा पत्रा पापडासारखा झालेला.

अब्बा गप्प झाले. गाडी स्वच्छ ठेवण्याचा त्यांना अभिमान होता. दर शुक्रवारी सकाळी ते आतून पाइपने धुवायचे. तेच पाणी चटईखाली साचत राहिलं होतं.

"वरून प्लाय टाकतो, कुणाला दिसणार?" हाताखालचा पोरगा म्हणाला.

"इथे लोकांची मुलं बसत होती," अब्बा म्हणाले. "मला दिसलं, तेवढं पुरे."

सडलेला भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, उरलेली भोकं बुजवली, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. खर्च वाढला, आठवडा गेला. धावत्या गाडीत पलंगावर कुणी झोपायचं नाही म्हणून पुढच्या सीटा पट्ट्यांसह तशाच ठेवल्या.

कागदोपत्री नोंद झाल्यावर पहिली फेरी जवळचीच, उत्तनची. वाटेवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, पुढे समुद्र. गाडी थांबल्यावर अम्मी पलंगावर पाय पसरून बसली. अब्बांनी थर्मासमधून चहा ओतला, थोडा सांडला.

पूर्वी त्यांनी बादलीभर पाणी ओतलं असतं. आता खिशातून रुमाल काढला, चटईचा कोपरा उचलला आणि खालपर्यंत पुसून घेतलं.