खाली ठेवलेला सत्तूर

शिरूर कासार. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या नावालाच एक धंदा चिकटलेला आहे. बांगड्या भरणाऱ्या, तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्या कासारांचा. आपल्याकडे धंदा असाच चिकटायचा: आधी हाताला, मग आडनावाला, कधीकधी थेट गावाला. मुलाला विचारायची पद्धत नव्हती. दुकानाच्या उंबऱ्याशी रांगणारं पोर एक दिवस गल्ल्यावर जाऊन बसायचं, इतकंच.

खुद्द बीड शहराचं नाव एकेकाळी दोन वस्तूंसाठी घेतलं जाई. छागल आणि गुप्ती. छागल म्हणजे पाणी न्यायची कातडी पिशवी, आणि गुप्ती म्हणजे पोटात पातं लपवलेली काठी. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरनं बीडच्या नोंदीत दोन्हींचा आवर्जून उल्लेख केला आहे. आता पाण्याला प्लास्टिकची बाटली आहे, आणि गुप्ती बाळगली तर पोलीस विचारतात. त्या कारागिरांच्या मुलांना बापाचा धंदा घ्यावा की नाही, यावर रात्री जागवाव्या लागल्या नसतील. गिऱ्हाईकच उठून गेलं होतं.

कोयत्याचं मात्र उलटं. तो आपल्या पोराच्या हाती जावा असं कुठल्याच बापाला वाटत नाही, आणि पुढच्या पिढीकडे सगळ्यात इमानानं जातो तोच. दसरा झाला की बीडमधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मोजणी अवजाराची, दोन माणसं त्यात गृहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबूनही फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते, आणि बाप थकला की मुलाच्या अंगावर येते. वर्गात पहिला येणारा पोरगा अशा वेळी काय ठरवणार? त्याच्याआधी मुकादमाच्या वहीनं ठरवून टाकलेलं असतं.

याच शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीत एका घरानं हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनं सोडवला.

घर सय्यदांचं, धंदा खाटकाचा. म्हणजे चालता धंदा. बाजार माहितीतला, गिऱ्हाईक बांधलेलं, आणि मुलानं फक्त शेजारी उभं राहून शिकायचं. पण सत्तरच्या दशकात वडिलांचंच मन त्यातून उडालं. त्यांनी सत्तूर खाली ठेवला आणि दोन गायी घेतल्या, सांभाळायला. तो काळ कोणता? 1972 च्या दुष्काळानं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं होतं. धडधाकट शेतकरी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, दावणी ओस पडल्या होत्या, आणि चाऱ्यावाचून लोक जनावरं मिळेल त्या भावानं विकत होते. खाटकाला नफा व्हावा असाच तो काळ.

वडिलांनी धंदा सोडला, ठीक आहे. पण मुलाच्या हाती काय आलं? दुकान गेलं, भांडवल नाही; वारशात उरला तो एक नकार आणि त्याच्याबरोबर खायला मागणारी दोन तोंडं. बापाची लहर बापाबरोबर, असं म्हणून मुलगा मोकळा होऊ शकला असता. शब्बीर सय्यद यांनी तो नकारच चालवायला घेतला. पंचक्रोशी त्यांना शब्बीर मामू म्हणू लागली. दोनाच्या दहा झाल्या, दहाच्या पुढे मोजदाद सुटली; 2019 साली कळप दीडशेच्या वर गेला होता.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि वर्तमानपत्रांना दहिवंडीचा रस्ता सापडला. तेव्हाच्या बातम्यांत या ‘धंद्या’चा ताळेबंदही छापून आला. दूध विकायचं नाही. मिळकत शेणखताची, वर्षाला 60-70 हजार रुपये. जरा भागाकार करून पाहा: जनावरं 165 धरली, तर डोईमागे दिवसाला सव्वा रुपयाही पडत नाही. सव्वा रुपयात कडब्याची पेंढी सोडा, काडीही येत नाही. सगळी भिस्त माळावरच्या चराईवर, आणि माळ तरी कसा? 2018 च्या पावसानं दगा दिलेला. जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या. राष्ट्रपती भवनातलं पदक घेऊन माणूस गावी परतला तो याच उन्हाळ्यात.

कुठल्याही व्यवस्थापन शाळेत हा धंदा मांडला तर प्राध्यापक पहिल्याच तासाला तो बंद करायला सांगतील. आणि हिशेबापुरतं त्यांचं चुकणारही नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कितीतरी खाटकांच्या मुलांपुढचा प्रश्न सरकारनं परस्पर निकालात काढला, आणि म्हातारा बैल विकून नवी जोडी घेणाऱ्या शेतकऱ्याचंही गणित बिघडलं. दहिवंडीची गोष्ट त्या खात्यावर जमा करू नये. तिथला सत्तूर चाळीसेक वर्षं आधीच खाली गेला होता, आणि तो कुणी हिसकावलेला नव्हता. आपण होऊन सोडणं आणि सोडायला लागणं यांत फरक आहे. बीडच्या कोयतेवाल्याला तो कुणी समजावून सांगायला नको.

पुढच्या पिढीचं काय? शब्बीर मामूंची मुलं आणि सुना कळपामागे राबतात, असं त्याच बातम्यांत होतं. माळावर जनावरं वळायची, शेण भरायचं, हौदात पाणी ओढायचं. वाट्याला येणारं हे असं असताना त्यांनी मनातल्या मनात किती वेळा नाही म्हटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

या घराचा एक व्यवहार मात्र मुलांना बांधून ठेवणारा आहे. इथून बैल शेतकऱ्यांना विकले जातात, बाजारभावाहून स्वस्त, आणि अटीवर: खाटकाला द्यायचा नाही, काम होईनासं झालं की परत आणून बांधायचा. बापानं विकलेला तरणा बैल बारा-पंधरा वर्षांनी म्हातारा होऊन दारात येतो. त्याचं दावं हातात घ्यायला तेव्हा मुलगाच असतो.