उफराटें गुप्तधन

पुरून ठेवणें ही मनुष्यजातीची फार जुनी संवय आहे. पेंढाऱ्यांच्या धामधुमींत परसांत पुरलेले मोहरांचे हंडे, त्या हंड्यांवर वेटोळें घालून बसलेला नाग, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून तें धन शोधूं पाहणारे मांत्रिक यांच्या कथा ऐकल्या नाहींत असा मराठी माणूस विरळा. या सर्व कथांत एक गोष्ट समान असते. पुरणाराच्या मनांत कोणीतरी तें पुढें उकरील अशी आशा असते, निदान तशी धास्ती तरी असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र मनुष्यानें एक निराळाच हंडा पुरावयास काढला. त्यांत सोनें नाहीं, रत्नें नाहींत. आणि तो कोणीही, कधींही उघडूं नये एवढी एकच इच्छा त्याच्या मालकाच्या मनांत आहे. अणुभट्टींत वापरून झालेलें इंधन हा त्या हंड्यांतील ऐवज होय.

विषय परदेशी आहे असें वाचकांना वाटेल. पण तसें नाहीं. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजराथ यांच्या घरांघरांत पोंचली. त्या उजेडांत आपल्या मुलांनीं परीक्षांचे अभ्यास केले, मांडवांतून रोषणाई झाली; पण बटणाच्या पलीकडे मागें काय उरलें हा प्रश्न आपल्यापैकीं किती जणांना पडला? लांकडाच्या चुलीची राख आपण वर्षानुवर्षें भांडीं घासावयास वापरली, उरलेली परसांतल्या आळ्यांत टाकली. राख ही आपल्याला कधीं भ्यावयाची वस्तु वाटलीच नाहीं. या नव्या चुलीची राख मात्र चुलीपेक्षांही दाहक असते. भट्टींतून काढल्यावर ती कित्येक वर्षें खोल पाण्याच्या हौदांत निववावी लागते, आणि निवल्यावरही तिच्यांतून निघणारे अदृश्य किरण थांबत नाहींत. तिच्यांतील प्लुटोनियमचें तेज निम्म्यावर येण्यासच सुमारें चोवीस हजार वर्षें लागतात, आणि सगळी राख खाणींतल्या मूळच्या युरेनियमइतकी सौम्य होण्यास लक्षावधि वर्षांच्या हिशेबानें मोजावें लागतें. आपल्या देशांत या राखेंतून उपयोगाचें द्रव्य वेगळें काढून बाकीचें अतिदाहक द्रव्य कांचेच्या रसांत ओतून गोठवितात. तारापूरला हें काम चालतें. पण कांच झाली म्हणून ती निरुपद्रवी होत नाहीं. तिलाही शेवटीं कोठेंतरी कायमची जागा हवीच.

ही कायमची जागा कशी असावी याचें उत्तर प्रथम प्रत्यक्षांत आणावयास निघालें तें फिन्लंडसारखें लहान राष्ट्र. पूर्वीं त्या देशाच्या एका केंद्रांतील राख रशियाला परत जात असे. १९९४ सालीं तेथील कायदेमंडळानें ठरविलें कीं, आपली राख आपल्याच भूमींत निस्तरावयाची. आणि १९९६ नंतर ती बाहेर जाणें बंद झालें. पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओतो नांवाचें बेट आहे. तेथील खडक सुमारें एकोणीस हजार लक्ष वर्षांचा जुना. ज्या युराजोकी गांवाच्या हद्दींत तें बेट येतें, त्या गांवच्या पंचायतीनें २००० सालीं वीस विरुद्ध सात मतांनीं संमति दिली, आणि पुढच्या वर्षीं कायदेमंडळानें एकशें एकोणसाठ विरुद्ध तीन मतांनीं तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. २००४ सालीं बोगदा खणावयास आरंभ झाला. त्याचें नांव ‘ओन्कालो’, म्हणजे बीळ किंवा पोकळी. २०२४ सालीं प्रत्यक्ष राखेविनाच सर्व क्रियेची रंगीत तालीम तेथें सुरू झाली.

या बिळाची रचना पाहिली म्हणजे एखाद्या काटकसरी गृहिणीच्या उतरंडीची आठवण होते: एकांत एक, एकांत एक. वापरलेल्या इंधनाच्या कांड्या बिडाच्या ओतीव पात्रांत. त्या पात्रावर पांच सेंटिमीटर जाडीचें तांब्याचें कवच. त्याभोंवतीं ओल लागतांच फुगून सर्व भेगा बुजविणाऱ्या बेंटोनाइट नांवाच्या चिकणमातीचें वेष्टन. आणि त्याच्याही वर चारशें मीटरांहून अधिक जाडीचा खडक. आपल्या घरांतील तांब्याची घागर चार दिवस चिंच लावून घासली नाहीं तर काळवंडते. मग हें तांबें लाख वर्षें कसें टिकणार अशी शंका कोणासही येईल. पण घागर काळवंडते ती हवेंतील प्राणवायूमुळें, आणि इतक्या खोलीवरच्या पाण्यांत तो जवळजवळ नसतोच. तरीही हा वाद निःशेष मिटला आहे असें मात्र नाहीं. हीच पद्धत मूळ ज्या स्वीडननें काढली, तेथील न्यायालयानें २०१८ सालीं, तांब्याच्या झिजेविषयीं अधिक पुरावा घेतल्यावांचून परवानगी देऊं नये, असा अभिप्राय सरकारला दिला होता. आम्हांला या शंकेंत कमीपणा दिसत नाहीं. लाख वर्षांचें वचन देणारानें चार वेळां प्रश्न विचारून घेणें हेंच योग्य.

कारण घाईचें फळ कसें असतें तेंही जगानें पाहिलें आहे. जर्मनींतील आस्से येथील मिठाच्या जुन्या खाणींत १९६७ ते १९७८ या काळांत सौम्य व मध्यम प्रकारच्या किरणोत्सर्गी कचऱ्याचीं सुमारें सव्वा लाख पिंपें ठेवण्यांत आलीं. मीठ आहे तेथें पाणी नाहीं, असा तो युक्तिवाद होता. १९८८ पासून खाणींत रोज हजारों लिटर पाणी झिरपतांना आढळूं लागलें, आणि २०१३ सालीं तो सर्व कचरा पुन्हां वर काढावा असा कायदा करण्याची पाळी आली. अमेरिकेंत न्यू मेक्सिको प्रांतीं मिठाच्याच थरांत खोदलेल्या भांडारांत २०१४ सालीं एक पिंप फुटलें. त्याचें कारण ऐकून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं: ओल शोषण्यासाठीं मातीच्या जातीची पूड घालावयाची, तेथें मांजरांच्या विष्ठेकरितां वापरली जाणारी, धान्यापासून केलेली पूड घातली गेली, आणि तिची पिंपांतील क्षारांशीं प्रतिक्रिया होऊन उष्णता वाढली. भांडार जवळजवळ तीन वर्षें बंद राहिलें. खडक कोट्यवधि वर्षें स्थिर राहिला. पण पिंप भरणारा हात क्षणभर चुकला. पृथ्वीच्या पोटापेक्षां मनुष्याच्या स्वभावाचाच भरंवसा कमी, असा याचा अर्थ आम्ही घेतों.

पृथ्वीच्या बाजूनें मात्र एक मोठी साक्ष उपलब्ध आहे. आफ्रिकेंतील गाबाँ देशांत ओक्लो येथें १९७२ सालीं असें आढळून आलें कीं, सुमारें दोनशें कोटि वर्षांपूर्वीं तेथील युरेनियमच्या खाणींत अणुभट्टी आपोआप पेटली होती आणि लाखों वर्षें धुगधुगत राहिली होती. तिच्या राखेंतील पुष्कळसा जड भाग जेथें निर्माण झाला तेथेंच राहिला. प्लुटोनियम जन्मलें तेथेंच विरूनही गेलें. तांब्याचें कवच नाहीं, मातीचें वेष्टन नाहीं, पहारेकरी नाहीं. आणि तरीही भूमीनें तें पोटांत ठेविलें. प्रत्येक ठिकाणचा खडक असाच वागेल असें यावरून म्हणतां येत नाहीं. पण योग्य जागा निवडली तर भूमि विश्वासघात करीत नाहीं, एवढें निश्चित.

आतां राहिला तो सर्वांत बिकट प्रश्न. पुरल्यावर खूण ठेवावी कीं न ठेवावी? ठेवली तर ती कोण वाचील? अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं १९९३ सालच्या अहवालांत दहा हजार वर्षें टिकतील अशा खुणा सुचविल्या: दगडाचे प्रचंड कांटे, भयभीत चेहरे, अनेक भाषांतील लेख. त्यापूर्वीं १९८४ सालीं टॉमस सेबिऑक या चिन्हशास्त्रज्ञानें तर या ज्ञानाचें जतन करणारा एक पुरोहितवर्गच निर्माण करावा अशी कल्पना मांडली होती. हें वाचतांना आम्हांला आमच्याच कोंकणांतल्या गधेगाळांची आठवण झाली. शिलाहार राजांनीं आणि त्यांच्यामागून आलेल्यांनीं दानपत्रें दगडांवर कोरलीं. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते आकाशांत आहेत तोंवर हें दान चालावें, मध्यें लेख, आणि खालीं, दान मोडणाऱ्याला दिलेला असा शाप कीं तो येथें लिहितां येत नाहीं, पण निरक्षरालाही कळावा म्हणून चित्रांतच कोरून ठेवलेला. इशारा याहून उघड कसा असावा? पण सात-आठशें वर्षें लोटलीं मात्र, आणि त्या दगडांपैकीं कित्येक बांधावर पालथे पडले. कोठें त्यांना अपशकुनी म्हणून लोक टाळूं लागले, तर कोठें शेंदूर फांसून देव म्हणून पूजूं लागले. असा एक दगड आम्हीं पाहिला आहे. त्याच्यापुढें नारळ ठेवलेला होता.

इतक्या दूर जावयाचेंही कारण नाहीं. आमच्या पणजोबांच्या हातचीं मोडी कागदपत्रें आज घरोघरच्या फडताळांत आहेत आणि तीं वाचणारा माणूस शोधून आणावा लागतो. भाषा तीच, घर तेंच, रक्तही तेंच. तरी तीन-चार पिढ्यांत अक्षर मुकें झालें. आणि जेथें खूण टिकली तेथें तिचा परिणाम उलटाच होतो. मिसरच्या राजांचीं थडगीं त्यांच्या भव्यतेमुळेंच लुटलीं गेलीं. तुतनखामेनचें १९२२ पर्यंत बरेंचसें अबाधित राहिलें, तें प्रवेशद्वार मातीखालीं झांकून गेलें म्हणून. “येथें खणूं नका” असें लिहिलेलें पाहून फावडें आणावयास न धांवणारा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे.

म्हणून फिन्लंडच्या योजनेंतील आम्हांला सर्वांत अधिक भावलेला भाग हा कीं, तेथें स्मृतीवर भार टाकलेला नाहीं. बोगदे भरून, तोंड बुजवून टाकल्यावर पुढच्या कोणाही पिढीला पहारा करावा लागूं नये, अशीच ती रचना आहे. ज्ञान जरूर द्यावें, दप्तरें जपावींत, पण तीं हरवलीं तरी कोणाचें अनिष्ट होऊं नये. यावर दोन आक्षेप येतात. एक असा कीं, राख लपविण्याची सोय झाली म्हणजे राख करण्याचा धीर वाढतो. हा आक्षेप खोटा नाहीं. पण जगांतील सर्व भट्ट्या उद्यां विझविल्या तरी आज हौदांत पडलेली राख नाहींशी होणार नाहीं. दुसरा असा कीं, वंशज आपल्याहून शहाणे निघाले आणि त्यांना या द्रव्याचा उपयोग सांपडला तर? तितके शहाणे जे असतील त्यांना चारशें मीटर खणणेंही अवघड नसेल. भीति आहे ती शहाण्यांची नव्हे, अजाणांची.

आपण श्राद्धांत बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांचीं नांवें घेतों. त्यापलीकडचे पूर्वज आपल्याला नांवानें ठाऊक नसतात. पुढच्या बाजूला दृष्टि टाकली तर आपली माया नातवंडांपर्यंत, फार तर पणतवंडांपर्यंत पोंचते. लाख वर्षें म्हणजे सुमारें चार हजार पिढ्या. त्यांतील एकही चेहरा आपल्या कल्पनेंत येत नाहीं, त्यांची भाषा कोणती असेल तें सांगतां येत नाहीं, आणि तेही आपलें नांव कधीं घेणार नाहींत. दिवा आपण लावला आणि त्याचा उजेडही आपणच भोगला. तारापूरची कांच अजून आपल्या देखरेखीखालीं आहे, आणि तिची कायमची जागा ठरावयाची आहे. ती ठरवितांना कोणत्या गांवच्या लोकांना विचारलें जाईल, खर्च कोण सोसेल, आणि शंका घेणाराचें म्हणणें ऐकून घेतलें जाईल कीं नाहीं, हे प्रश्न चार हजार पिढ्यांनंतरचे नव्हेत. ते आपल्या हयातींतले आहेत.