बाण कुणीकडे?

नाशकात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्ही खेळायचो, तेव्हा दोघांनी एकच बॉल घट्ट धरला की पंच शिट्टी वाजवून त्या दोघांनाच उडीला उभं करायचे. उंच मुलगा जिंकायचा. मी बुटका! आता फिबाच्या नियमात ती उडी फक्त सामन्याच्या सुरुवातीला. नंतर अशी झोंबाझोंबी झाली, किंवा बॉल रिंग आणि बोर्डाच्या बेचक्यात जाऊन बसला, तर सहसा टेबलावरचा बाण बघतात. बॉल त्या संघाचा, मग बाण उलटा. जीव तोडून बॉल ओढणाऱ्याला हा अन्याय वाटतो. मला उंचीचा न्याय जास्त खुपायचा. पडलेल्या बॉलवर झेपावून घसरत गेलं तर चालतं, पण बॉल धरून लोळलं किंवा उठलं की ट्रॅव्हलिंग. तिथे मात्र बाण नाही, पंचाचे डोळेच.