गोटीसोडा आणि प्रवरेचे पाणी

प्रवासवर्णने लिहिणारांनी डोंगर, देवळे व धबधबे यांची स्तुती यथेच्छ केली आहे. वाटेवरच्या सोडावाल्याची दखल मात्र क्वचितच कोणी घेतली असेल. वस्तुतः थकल्याभागल्या प्रवाशास परक्या गावाची पहिली ओळख बहुधा जिभेनेच होते. म्हणून भंडारदऱ्याविषयी लिहिताना कळसूबाईचे शिखर, रतनगड व रतनवाडीचे अमृतेश्वराचे देवालय यांचे वर्णन अधिकारी लेखकांवर सोपवून, प्रस्तुत लेखात तेथे रस्त्याच्या कडेस मिळणाऱ्या गोटीसोड्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु वाचकांनी थोडा धीर धरावा.

पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग आहे. अकोल्यास अगस्तींचा आश्रम आहे. ज्या ऋषींनी समुद्रच्या समुद्र प्राशन केला, त्यांच्या भूमीत पेयांची चर्चा अप्रस्तुत ठरू नये! राजूर मागे पडल्यावर रंध्याचा धबधबा, व त्यापुढे धरणाजवळचे शेंडी गाव. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी येथे फार गर्दी लोटते. आम्हीही चिरंजीव, सूनबाई, धाकटे बंधू व नातवंडे असे आठजण त्याच सुमारास गेलो होतो. काजव्यांची शोभा रात्रीची. दुपार मोकळी आणि ऊन कडक. एका बाईंच्या टपरीवर जाड काचेच्या, मानेत गोटी अडकलेल्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या, आणि नातवंडांचे पाय तेथेच खिळले.

पाण्यात वायू मुरविण्याची युक्ती इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली शोधली. तो वायू कोंडून कसा ठेवावा, या प्रश्नाला हायरम कॉड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेऊन उत्तर दिले. बाटली उलटी धरून भरतात. त्यामुळे गोटी तोंडाशी येते आणि आतील कर्बाम्लवायूचा दाब तिला रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. कैद्यानेच आतून तुरुंगाचे दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार! अंगठ्याने गोटी आत लोटली की ‘फट्’ असा आवाज होतो, आणि मानेतील खाचेत गोटी अडकून राहते.

आपल्याकडे हा धंदा प्रथम पारशी व इराणी घराण्यांनी नावारूपास आणिला. मुंबईचे पालनजी १८६५ पासूनचे, पुण्याच्या लष्करातील आर्देशीर १८८४ पासूनचे, आणि मुंबईचेच ड्यूक १८८९ पासूनचे. इराण्याच्या हॉटेलातील लालभडक रासबेरी ही अशाच कारखान्यांची देणगी. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील पेलाभर चहावरून केवढे ग्रामण्य माजले, हे सर्वश्रुत आहे. आमच्या आजीस मात्र सोडा चाले. कारण तो अजीर्णावरचे औषध, आणि औषधास सोवळे नसते, असा तिचा निवाडा होता. पुढे मोठ्या कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपुढे गावोगावचे लहान कारखाने मागे पडले. अलीकडे काही ठिकाणी ते नव्या चवी घेऊन पुन्हा उभे राहिले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

टपरीवर सहा प्रकार होते. मास्तरकी सुटली तरी गुण देण्याची खोड सुटत नाही. लिंबाच्या सोड्यात अम्ल व लवण या दोन रसांचे उत्तम सख्य. दहांपैकी आठ गुण. जिऱ्याचा त्याखालोखाल, तो पोटात गेल्याची पावती लगेच ढेकरेने मिळते. आल्याचा प्रामाणिक, पण अंमळ कडक. पेरूच्या सोड्यात तिखटमीठ होते. तो प्रथम विचित्र लागतो, आणि दुसऱ्या घोटास पुन्हा मागावासा वाटतो. संत्र्याचा केवळ रंगावर उत्तीर्ण. कोकमाच्या सोड्यात आंबटपणामागून येणारा किंचित तुरटपणा होता. त्याला नऊ गुण दिले. जिभेला बसणारी झिणझिणी कोणत्या रसात घालावी, असा प्रश्न थोरल्या नातीने केला. तो रस नव्हे, बराचसा स्पर्श आहे, असे तिला सांगितले. तर्कसंग्रहकार अन्नंभट्टांनी तर पाण्याला मधुर हा एकच रस दिला आहे. बाकीचे पाच पृथ्वीचे.

बाटली मोटारीत नेऊन पिण्याचा मुलांचा बेत होता. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, “बाटली हितंच प्या बाबा. ती माघारी द्यावी लागती. हरवली तर मालक पैसं कापतो.” सोडा खालच्या गावातील एका लहान कारखान्यातून टेंपोने येतो आणि त्याच टेंपोने रिकाम्या बाटल्या परत जातात. सहज विचारले, “बाई, यातले पाणी इथलेच का?” त्या हसून म्हणाल्या, “हितलं पानी हितं कुठं ऱ्हातंय? आमची हीर चैतातच आटती. दोन टेकाडं उतरून हंडा आनावा लागतो.”

हे उत्तर ऐकून आम्ही समोरच्या जलाशयाकडे पाहिले. १९१० साली आरंभिलेले व १९२६ साली पुरे झालेले हे विल्सन धरण सुमारे २७० फूट उंच असून त्याची साठवण अकरा अब्ज घनफुटांची आहे. जवळच्या घाटघरास कित्येक वर्षी दोनशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. ते पाणी प्रवरेतून संगमनेराजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून कालव्यांनी उसाच्या मळ्यांत शिरते. १९५० साली प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच पाण्याच्या आधाराने. खालच्या दुष्काळी मुलखाचे त्याने कल्याण झाले, यात शंका नाही. परंतु गोड सोड्याच्या एका बाटलीत चार-पाच चमचे साखर असते. म्हणजे डोंगरावरून पाणी खाली जावे, तेथे त्याची साखर व्हावी, आणि तीच किंवा तिची बहीण बाटलीत बसून पुन्हा डोंगर चढावी. आणि ती विकणाऱ्या बाईच्या घरी मात्र चैत्रात हंडा रिकामा! सोडावाल्याची रिकामी बाटलीसुद्धा हिशेबाने परत येते. ज्यांच्या डोंगरावरून एवढे पाणी आपण नेतो, त्यांना पिण्यापुरते तरी परत देण्याचा हिशेब शंभर वर्षांत जमू नये काय? हा प्रश्न सरकारचा आहे खरा. तथापि तो विचारणे सुशिक्षित गृहस्थांचेही काम आहे.

भंडारदऱ्यास जाणाऱ्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, तळ्याकाठी टाकून येण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घरून नेऊ नयेत. टपरीवर उभे राहून कोकमाचा सोडा प्यावा, बाटली आपल्या हातांनी परत करावी, आणि बाईंना विहिरीस पाणी आहे का, हे अवश्य विचारावे.