पुढच्याचं तिकीट वेगळं असतं

मुंबईच्या लोकलमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या बाईला रेल्वेतलं काही नव्याने शिकावं लागेल, असं वाटत नाही. पास पर्समध्ये, पर्स काखेत आणि आपण गर्दीत. टीसीने हटकलं तर पास दाखवायचा, नाहीतर पुढची जातेय तिच्या मागे चालत राहायचं. दादरच्या पुलावर याहून वेगळं शास्त्र चालत नाही. मी आणि ताई हेच शास्त्र घेऊन जपानला गेलो आणि खिशात पर्यटकांसाठीचा महागडा रेल्वे पास असूनही गेटागेटावर अडकलो.

पहिली फसगत गेटच्या फळ्यांची. आपल्याकडे मुंबई मेट्रोत फळ्या बंद असतात, तिकीट वाचलं गेलं की उघडतात. टोकियोत बहुतेक ठिकाणी उलटा कारभार. फळ्या उघड्याच असतात. तिकीट चुकलं किंवा टाकलंच नाही, तरच मिटतात. शिंजुकूसारख्या, जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनेस बुकात नोंद झालेल्या ठिकाणी प्रत्येकासाठी फळ्या उघडत बसलं तर रांगा रस्त्यावर येतील. हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या क्षणी समोर वाट मोकळी दिसली, पुढचा माणूस काहीतरी टेकवून सटकन गेला, मीही निघाले. फळ्या मांडीवर आपटल्या, घंटी वाजली आणि मागची रांग एक शब्दही न बोलता शेजारच्या गेटकडे वळली. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिथून मागे येऊन पास टाकायला गेले, तर फटच सापडेना. ते गेट फक्त कार्डवाल्यांचं होतं. पुढच्याने टेकवलं होतं ते सुईका कार्ड. 2001 पासून टोकियोत ते चालतं, आणि रोजचा प्रवासी बहुधा असलंच कार्ड वापरतो. पास मात्र कागदी, मागून काळपट, चुंबकीय पट्टी असलेला. त्याला फट असलेलंच गेट लागतं, आणि ती गेटं रांगेत मोजकीच असतात.

खरं तर या पाससाठी गेटजवळ जायचीच गरज नाही, असं मी समजून गेले होते. एका जुन्या प्रवासवर्णनात वाचलं होतं की पास म्हणजे घडीचं जाड कार्ड, ते कडेच्या खिडकीत कर्मचाऱ्याला दाखवायचं आणि आत जायचं. ते तेव्हा खरंच होतं. 2020 च्या जूनपासून पास साध्या तिकिटाच्या आकाराचा झाला आणि मशीनमधून जाऊ लागला. तरीही त्या पहिल्या फजितीनंतर मी काही काळ खिडकीच्याच रांगेत उभी राहायचे. पुढे पत्ते विचारणारी, तिकीट हरवलेली, चुकीच्या गाडीने आलेली माणसं. आणि बाजूला रिकामी गेटं.

मशीन मात्र गुणी आहे. पास उलटा टाका, सुलटा टाका, आडव्या बाजूने नको एवढंच. आतल्या आत तो सरळ होतो आणि तुम्ही दोन पावलं टाकेपर्यंत पुढच्या टोकाला वर येऊन उभा राहतो. जपानी लोकांचा यात हात बसलेला आहे. ओसाकाजवळच्या किता-सेनरी स्टेशनात अशी गेटं 1967 सालीच बसली. लोक चालता चालता तिकीट टाकतात आणि चालता चालताच उचलतात, पाऊल अडत नाही.

शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या गेटवर मी पुन्हा पुढच्याकडे बघितलं. त्याने दोन तिकिटं एकावर एक ठेवून फटीत सारली. साध्या प्रवाशाकडे भाड्याचं एक आणि एक्स्प्रेसचं एक अशी बहुधा दोन तिकिटं असतात, ती त्याला एकत्रच टाकावी लागतात. माझ्याकडेही दोन कागद होते: पास आणि त्यावर फुकट मिळालेलं आरक्षणाचं तिकीट. आकार सारखाच. मी दोन्ही टाकले. घंटी. पासवाल्याने फक्त पास टाकायचा असतो, आरक्षणाचं तिकीट हातात ठेवायचं. त्यावर डबा आणि सीटचा नंबर असतो, इतकंच त्याचं काम. त्यात दोघींचे पास माझ्याच पर्समध्ये. मी पलीकडे गेले तेव्हा ताई अलीकडे. "अगं, माझा पास तर दे!" असं मराठीत ऐकल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यालाही हसू आवरलं नाही.

सगळ्यांत जिवावर बेतली ती हिरोशिमाची फसगत. बाहेर पडायच्या गेटवर पुढचे सगळे तिकीट टाकून सरळ चालते होत होते, कोणी काही उचलत नव्हतं. मीही पास टाकला आणि निघाले. त्यांची तिकिटं तिथेच संपत होती, म्हणून मशीन ती गिळून टाकत होतं. माझा पास मात्र बाहेर येऊन वाट बघत उभा. मागची एक बाई तो घेऊन धावत आली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. हा पास हरवला किंवा चोरीला गेला तर दुसरा देत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 वरून 50,000 येन झाली, म्हणजे आपले तीसेक हजार रुपये मी तिथे ठेवून निघाले होते.

आणि गेट उघडलं म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. तुम्ही कुठल्या गाडीत बसणार हे गेटला कळत नाही. नोझोमी ही सर्वांत वेगवान गाडी पासवर चालते ती वेगळं तिकीट काढलं तरच. टोकियो ते क्योतोसाठी त्याचे 4,960 येन. आम्ही हिकारी या जरा कमी वेगाच्या शिनकानसेनने गेलो म्हणून वाचलो. उलट टोकियोच्या भुयारी मेट्रोत हा पास चालतच नाही, कारण पास जेआर या रेल्वे कंपन्यांच्या गटाचा, आणि मेट्रो त्यांची नव्हे. एकाच स्टेशनात, एकाच नावाखाली दोन कंपन्यांची गेटं असतात, आणि मी बिनदिक्कत मेट्रोच्या फटीत पास सारला होता.

या सगळ्यात पैसे गेले ते मात्र गेटवर नव्हे, त्याच्या आधीच. विमानतळावर पासपोर्टवरचा पर्यटकाचा शिक्का दाखवून पास घेतला तेव्हा काउंटरवर पुढच्या जोडप्याने "आजपासून" सांगितलं, म्हणून मीही आजपासून सांगितलं. ते त्याच दिवशी दूर निघाले असतील. आम्ही सुरुवातीला टोकियोतच होतो, मेट्रोने हिंडत, आणि पास पर्समध्ये संपत होता. एकदा छापलेली तारीख बदलत नाहीत. महिनाभरातली कुठलीही तारीख मागता आली असती. हिरोशिमाहून परतायच्या दिवशी मुदत सरलेली, त्यामुळे टोकियोचं तिकीट माणशी जवळपास वीस हजार येन मोजून काढलं.

म्हणून जाणाऱ्यांनी पास घ्यायच्या आधी कागदावर हिशोब करावा. नुसतं टोकियो-क्योतो जाऊन येणार असाल तर सुटी तिकिटं अठ्ठावीस हजार येनच्या आसपास पडतात, पास घेऊच नका. लांब जाणार असाल तर ज्या दिवशी लांबची पहिली गाडी, त्याच दिवसापासून घ्या. ज्याचा पास त्याच्या हातात द्या, पासपोर्ट जवळ ठेवा. अडलात तर कडेच्या गेटवर माणूस असतो, त्याला पास दाखवा. तो कधी खेकसत नाही. आणि प्रत्येक गेट ओलांडल्यावर, पुढचा कितीही घाईत असो, आपला पास उचलला का ते बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका.