पुढे कोण जाणार?

जून 2025 मध्ये इराणवर हल्ले सुरू झाले, होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार अशी चर्चा टीव्हीवर लागली, आणि नागभीडला माझ्या अंगणात माणसं येऊ लागली. नौदलातून निवृत्त झालेला गल्लीतला मी एकटाच. समुद्राचं काही असलं की विचारायचं कोणाला, तर मला. प्रश्न मात्र समुद्राबद्दल नव्हते. धानाची रोवणी तोंडावर होती, पऱ्हे टाकून झाले होते, म्हणून पुरुष विचारत होते युरियाचं. बाया विचारत होत्या सिलिंडरचं.

आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, गॅस नाही भेटला त आमाले जंगलातच जावं लागंल ना काड्या आनाले."

ऐकून पोटात गोळा आला. मे महिन्यातच शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने एकाच दिवशी मारलं होतं. आमच्या भागात चूल आणि गॅस यांच्यात फरक धुराचा नाही, जिवाचा आहे. सरकार जंगलालगतच्या गावांना सवलतीत गॅस देतं ते त्यासाठीच. आणि हा गॅस येतो कुठून? देशात लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, त्यातला बहुतेक आखातातून, म्हणजे होर्मुझमधूनच. युरियाच्या कारखान्यांना लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा वाटा कतारहून येतो, तोही त्याच वाटेने. जगात रोज खपणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा जिथून जातो, ती वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम 35-40 किलोमीटर रुंद आहे. त्यातही मोठ्या जहाजांना जाण्या-येण्याचे पट्टे प्रत्येकी तीन-साडेतीन किलोमीटरचे.

"बंद करतील का?" या प्रश्नाला मी तेव्हा एकच उत्तर देत होतो. बंद करायला आरमार लागत नाही. सुरुंग टाकायला एखादी साधी बोट आणि एक रात्र पुरते. उघडायला काय लागतं ते मला ठाऊक आहे, कारण माझी उमेदीची वर्षं त्याच कामात गेली.

ऐंशीच्या दशकात मी भरती झालो. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर प्रशिक्षण घेतलं आणि नंतर मुंबईला पाँडिचेरी वर्गातल्या माइनस्वीपरवर, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या नौकेवर, नेमणूक मिळाली. या वर्गातल्या बारा नौका सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या. विनाशिकेवर असलेला मित्र रुबाबात फिरायचा, आमच्या नौकेकडे बंदरात कोणी वळून बघत नसे. तिचं सगळं महत्त्व मागच्या डेकवर. तिथे विंच, तारांची रिळं, पंखासारख्या फळ्या, लाल-पिवळे तरंगते गोळे, आणि सगळीकडे ग्रीसचा वास.

सरावाला निघालो की आधी तार सोडायची. जाड पोलादी तार मागे पाण्यात जाते. एक फळी तिला बाजूला ओढून धरते, दुसरी तिला ठरलेल्या खोलीवर दाबून ठेवते, आणि तारेवर अंतराअंतराने कटर बसवलेले असतात. समुद्राच्या तळाशी नांगरून दोरखंडावर तरंगत ठेवलेला सुरुंग असेल तर त्याचा दोर या तारेवर घसरत कटरपर्यंत येतो, तुटतो, आणि सुरुंग वर येतो. मग लांबून गोळ्या घालून त्याला बुडवायचं किंवा फोडायचं. तार ओढत असताना नौकेचा वेग वाढवता येत नाही, वळणही मोठं घ्यावं लागतं. ज्याला काम नाही त्याने खाली थांबायचं नाही, सगळे वरच्या डेकवर, अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. इंजिनरूममध्ये मोजकी माणसं. उभं राहताना गुडघे किंचित वाकवलेले, कारण खालून धक्का आला तर ताठ पायाची हाडं मोडतात. आमचे सुरुंग सरावाचे होते, आत दारू नव्हती. पण आमचे चीफ साहेब आम्हाला कधी ताठ उभं राहू देत नसत. तारेला ताण आला की विंचचा आवाज बदलायचा आणि बोलणारे सगळे गप्प व्हायचे. सुरुंगाचा गोळा पाण्याबाहेर उसळला की तोंडातून शब्द फुटायचा नाही.

हा झाला सोपा प्रकार. अवघड सुरुंग तळाशी पडून असतो. त्याला दोर नाही, धडकेने फुटणारी शिंगं नाहीत. जहाजाच्या लोखंडाची चुंबकीय खूण, पंख्याचा आवाज, पाण्याचा बदललेला दाब यावरून तो जागा होतो. त्याला फसवायला आम्ही विजेचा प्रवाह सोडलेली लांब केबल ओढायचो, आवाज करणारं यंत्र पाण्यात सोडायचो. पण अशा सुरुंगात एक मोजणी बसवता येते. पहिली चार जहाजं जाऊ दे, पाचव्याला फूट. म्हणून एका पट्ट्यावरून एकदा जाऊन भागत नाही. तोच पट्टा पुन्हा, परत पुन्हा, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला थोडी चढवून, मध्ये बोटभर जागा सुटू नये म्हणून. हे काम कंटाळवाणं आहे असं मी म्हणणार नाही. इतक्या एकाग्रतेने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

त्याच सुमारास आखातात इराण-इराक युद्धातली टँकरची लढाई पेटली होती. आम्ही मेसमध्ये रेडिओला कान लावून बसायचो. 24 जुलै 1987 ला ब्रिजटन नावाचा चार लाख टनांचा टँकर अमेरिकी युद्धनौकांच्या संरक्षणात कुवेतला चालला होता आणि फारसी बेटाजवळ सुरुंगावर गेला. टँकर बुडाला नाही. पुढचा प्रवास मात्र उलटा झाला. जखमी टँकर पुढे, आणि त्याचं रक्षण करायला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे, त्याच्या वाटेवरून. कारण त्या महाकाय पत्र्याला एक भोक सोसतं, युद्धनौकेला सोसत नाही. त्या वेळी सोबत माइनस्वीपर आणलेलेच नव्हते, ते नंतर आणावे लागले. आमच्या मेसमध्ये त्या रात्री कोणी हसलं नाही. जगातलं सर्वांत मोठं आरमार, आणि पुढे जायला कोणी नाही.

दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, इराण अज्र नावाची एक साधीसुधी सामानवाहू नौका रात्री सुरुंग टाकताना पकडली गेली. एप्रिल 1988 मध्ये सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही अमेरिकी फ्रिगेट सुरुंगावर जाऊन जवळजवळ दुभंगली. तो सुरुंग ज्या आराखड्याचा होता तो 1908 सालचा, रशियाच्या झारच्या काळातला. शिशाच्या शिंगात काचेची नळी, तिच्यात आम्ल. शिंग वाकलं की नळी फुटते आणि 115 किलो दारू पेटते. ऐंशी वर्षं जुनी युक्ती, आणि अजूनही तितकीच जिवंत.

आपल्या किनाऱ्यालाही हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, वुल्फ या जर्मन जहाजाने मुंबईच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले. जहाज निघून गेल्यावर काही महिन्यांनी, जूनमध्ये, मंगोलिया ही पी अँड ओ कंपनीची बोट त्यातल्या एकावर जाऊन बुडाली. पेरणारा तेव्हा दुसऱ्याच महासागरात होता.

नौदल सोडून गावी आलो तेव्हा वाटलं, हा विषय मागे राहिला. पण वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, आणि माझा भाचा तिथे पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात, नक्षलवाद्यांचे भूसुरुंग शोधायला. सुट्टीत आला की आमचं बोलणं तासन् तास चालतं. घरचे वैतागतात. तो मोरीबद्दल बोलतो, मी पट्ट्यांबद्दल. मोरीच्या पायलीत डबा ठेवलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक मोरीत वाकून बघायचं. डांबर वरून शाबूत दिसतं, पण बाजूने खणून खाली दारू भरलेली असते. म्हणून एक टोळी रस्त्यावर मशीन घेऊन, आणि दोन टोळ्या दोन्ही बाजूंच्या जंगलातून, पाचोळ्याखाली वायर गेलीय का ते शोधत. "मामाजी, काल साफ केलेला रस्ता आज साफ नसते," असं तो म्हणतो. मी त्याला पाचव्या जहाजाची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

2019 ची तीन पानं माझ्या मनात एकत्र शिवलेली आहेत. 13 एप्रिलला विशाखापट्टणमला आयएनएस कोझिकोड निवृत्त झाली, आपली शेवटची माइनस्वीपर. कारवार आणि काकीनाडा या नौका दोन वर्षं आधीच मुंबईला निवृत्त झाल्या होत्या. 1 मे ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाने पोलिसांना नेणारं वाहन उडवलं. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या दुपारी भाच्याचा फोन लागेपर्यंत माझी बहीण दारात उभी होती, कोणी पाणी दिलं तरी घेत नव्हती. तो त्या गाडीत नव्हता. ज्यांची मुलं त्या गाडीत होती त्यांच्या घरी काय झालं असेल ते तिला बघून मला कळलं. मग 13 जूनला ओमानच्या आखातात फ्रंट अल्टेअर आणि कोकुका करेजस या दोन टँकरवर स्फोट झाले, तेव्हा चिकटवायच्या सुरुंगांचं नाव पुढे आलं. आपल्या नौदलाने लगेच ऑपरेशन संकल्प सुरू केलं, आयएनएस चेन्नई आणि सुनयना तिकडे गेल्या, आपल्या झेंड्याच्या जहाजांवर नौसैनिक चढले. अभिमान वाटला. पण वाटेत सुरुंग असता तर या नौकांच्या पुढे चालायला आपल्याकडे एकही नौका उरलेली नव्हती.

गोव्याच्या गोदीत कोरियन कंपनीच्या मदतीने बारा नव्या नौका बांधायचा बेत बरीच वर्षं चालला आणि 2018 मध्ये सोडून दिला गेला. जुलै 2025 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांना पुन्हा मंजुरी दिली. चांगलं झालं. पण मंजुरीपासून पाण्यात उतरेपर्यंत किती वर्षं जातात, हे नौदलात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

मला काळजी नौकांपेक्षा माणसांची आहे. नव्या नौका तार ओढणार नाहीत, सोनारने तळ बघतील आणि पाण्याखालचं यंत्र पाठवून सुरुंग फोडतील. तरी कुठला पट्टा आधी घ्यायचा, कुठे पुन्हा जायचं, कुठल्या आवाजाला थांबायचं, हे हातात मुरलेलं ज्ञान आहे. कोझिकोडवर शेवटच्या दिवशी जो विशीतला नाविक होता, तो नवी नौका येईपर्यंत निवृत्तीच्या जवळ असेल किंवा बाहेर पडलेला असेल. नौदलाने त्या पोरांची यादी आत्ताच काढावी, त्यांना ज्या देशांकडे अशा नौका चालू आहेत तिथे पाठवावं, आणि निवृत्त झालेल्यांना चिल्काला किंवा कोचीला बोलावून नव्यांसमोर उभं करावं. बोलावलं तर नागभीडहून मी पहिल्या गाडीने निघेन.